खजुराची बी, कुंडी आणि थंडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फुलंब्रीसारख्या गावात रोपवाटिका चालवणाऱ्या माणसाला वर्षभर विचारले जाणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात. जूनमध्ये मोसंबी आणि आंब्याचे, दिवाळीनंतर गुलाबाचे, आणि डिसेंबर-जानेवारीत 'तुळस का वाळली हो?' हा. पण रमजानचा महिना संपत आला की एक वेगळाच प्रश्न हमखास येतो. हातात कागदाची पुडी असते, पुडीत पाच-सात बिया असतात, आणि विचारणारा जरा संकोचून विचारतो, 'सर, ही खजुराची बी उगवेल का?' एकादशीला, चतुर्थीला खजूर खाणारी मंडळीही विचारतात. आणि अलीकडे तर हा प्रश्न फोनवरून, फार लांबून येतो. पुण्याहून येतो, बंगळूरहून येतो, लंडनहून येतो. तिकडे गेलेल्या मुलांनी खिडकीतल्या कुंडीत खजूर लावलेली असते आणि हिवाळ्यात ती पिवळी पडायला लागली की गावाकडची आठवण होते.

तेव्हा आज या कुंडीतल्या खजुरीबद्दलच बोलायचे आहे.

बी उगवते का? उगवते. पण कोणती बी, हे आधी पाहावे लागते. आपल्याकडे एकाच फळाला दोन नावे आहेत, ओल्या मऊ फळाला खजूर आणि वाळलेल्या कडक फळाला खारीक. गंमत अशी, की कच्छमध्ये झाडावरून नुकत्या उतरवलेल्या, पिवळ्या-लाल, करकरीत ताज्या फळालाच 'खारेक' म्हणतात. आपली खारीक म्हणजे त्याच अवस्थेतले फळ पाण्यात काही मिनिटे उकळून नंतर वाळवलेले. आता उकळलेल्या फळातली बी उगवणार कशी? डिंकाच्या लाडवांसाठी खारीक फोडल्यावर वाटीभर बिया निघतात, बाळगुटीच्या सहाणेशेजारी एखादी पडलेली असते, आणि घरातली आजी त्या मोठ्या हौसेने कुंडीत खोचते. दोन महिने पाणी घालते. काही होत नाही. मग दोष मातीला जातो किंवा हाताला. बिचाऱ्या बीचा जीव केव्हाच गेलेला असतो. म्हणून बी घ्यायची ती मऊ खजुराची, बी न काढलेल्या पाकिटातली. ती बहुधा उगवतेच.

ही बी किती चिवट असते, याची एक खरी हकीगत आहे. इस्राएलमध्ये मृत समुद्राच्या काठी मसादा नावाचा जुना किल्ला आहे. तिथल्या उत्खननात खजुराच्या बिया सापडल्या होत्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. डॉ. सारा सॅलन यांनी त्यातल्या काही मिळवल्या आणि इलेन सोलोवे यांनी केतुरा या वसाहतीत त्या २००५ मध्ये लावल्या. एक बी उगवली! आधी कुंडीत वाढवली, मग २०११ मध्ये जमिनीत लावली. तिला मेथुसेलाह हे बायबलमधल्या सर्वांत दीर्घायुषी माणसाचे नाव दिले. आता दोन हजार वर्षे वाट पाहून उगवलेल्या झाडाची फळे चाखायला मिळावीत, असे कोणालाही वाटणार. पण त्याला मोहोर आला तेव्हा कळले की झाड नर आहे. पुढे आणखी काही प्राचीन बिया उगवल्या, त्यात मादी झाडे निघाली, २०२० मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यांतल्या एका मादीला याच मेथुसेलाहच्या परागांनी फळे धरली. म्हणजे शेवट गोड झाला. पण नर-मादीची ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आधी बी रुजवायची कशी ते सांगतो. बियांवरचा गर पूर्ण धुऊन काढा. गरात साखर असते आणि साखरेवर बुरशी धरते. मग दोन दिवस पाण्यात भिजत ठेवा, पाणी रोज बदला. नंतर ओल्या सुती कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा उबदार जागी ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरातली कुठलीही फळी चालते. थंड देशात फ्रिजच्या डोक्यावर, भिंतीतल्या हीटरच्या जवळ, जिथे पंचवीस-तीस अंशांची ऊब टिकते तिथे. आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत हालचाल दिसते, थंडीत दोन महिनेही लागतात.

आणि हालचाल दिसते ती मोठी विलक्षण. बीच्या एका बाजूला खाच असते, दुसऱ्या बाजूच्या मधोमध एक बारीकसा गोल ठिपका असतो. त्या ठिपक्यातून पांढरी, बोटासारखी नळी बाहेर येते. सगळ्यांना वाटते हेच मूळ. ते मूळ नव्हे. बीच्या आतला अंकुर त्या नळीच्या टोकाशी बसून जमिनीत खाली उतरतो, चांगला बोटभर खोल जातो, तिथे खरे मूळ सोडतो, आणि मगच पहिले पान वर पाठवतो. ते पान बीपासून जरा दूर, भलतीकडेच उगवते. वाळवंटात जन्मलेल्या झाडाला वरचा कोरडा थर सोडून ओलाव्यात घर करायचे असते, म्हणून ही युक्ती. पण यामुळे काय होते, लोक रोज माती उकरून पाहतात, बीवर काही दिसत नाही, आणि कंटाळून कुंडी रिकामी करतात. तेव्हा खाली अर्धे काम झालेले असते.

पहिले पान पाहून पुष्कळांची निराशा होते. ते खजुरीसारखे दिसतच नाही. गवताच्या जाड पात्यासारखे एकच सरळ पान. 'सर, हे तर हराळीसारखं काहीतरी आलंय,' असे सांगणारे भेटतात, आणि उपटून टाकणारेही. अशी तीन-चार सरळ पाने येतात, वर्ष-दोन वर्षे जातात, मग एखाद्या पानाच्या शेंड्याला चीर पडते, आणि त्यानंतर हळूहळू पिसासारखी फाटलेली खरी पाने येऊ लागतात. घाई असलेल्या माणसाने मनी प्लांट लावावे.

कुंडीबद्दल. खजुरीला रुंद कुंडी नको, खोल हवी. सुरुवातीची मुळी सरळ खाली धावते आणि उथळ कुंडीच्या तळाशी आपटून गोल फिरायला लागते. माझ्याकडे सहा इंची प्लास्टिक पाइपचे फूट-दीड फूट लांबीचे तुकडे असतात, खाली जाळी बांधलेली. तेलाचा पंधरा किलोचा डबाही उत्तम, मात्र तळाला भोके सढळ हाताने पाडा. आणि माती! आपल्या फुलंब्रीकडची काळी माती कापसाला सोने, पण कुंडीत शत्रू. ओली झाली की चिखल, वाळली की भेगा, आणि भेगेबरोबर कोवळी मुळे तुटतात. तिसरा हिस्सा पोयट्याची माती, तिसरा हिस्सा जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम, उरलेले चांगले कुजलेले शेणखत, असे मिश्रण मी करतो. पाणी ओतले की ते डोळ्यांसमोर खाली निघून गेले पाहिजे. परदेशात मातीच्या पिशव्या मिळतात त्यात बहुतेक पीट असते, स्पंजासारखे पाणी धरणारे. त्यात निम्मी जाड खडी-वाळू मिसळल्याशिवाय वापरू नये.

इथे जरा आपल्या ओढ्याकाठी जाऊन येऊ. फुलंब्री तालुक्यात आणि सबंध मराठवाड्यात नाल्या-ओढ्यांच्या कडेला जी खजुरीसारखी झाडे दिसतात, ती शिंदी. तिच्या पानांची केरसुणी होते, लक्ष्मीपूजनाला आपण जिची पूजा करतो ती. तिचा रस म्हणजे नीरा आणि आंबला की ताडीसारखीच शिंदी. खजूर आणि शिंदी ही सख्खी चुलत भावंडे. शिंदीचे पान हिरवेगार, खजुरीचे राखाडी-निळसर झाक असलेले. शिंदी एकाच खोडाने वाढते, खजुरीच्या बुंध्याशी पिल्ले फुटतात. शिंदीचे फळ म्हणजे बीवर पातळ गर, पोरांनी खाण्यापुरता. आमच्याकडे पुष्कळ लोक 'आमच्या नाल्याला खजूर आहे' म्हणून सांगतात, ती ही शिंदी. आणि तिसरी एक बहीण शहरातल्या रोपवाटिकांत 'फिनिक्स' म्हणून विकतात, बुटकी, नाजूक, बंगल्याच्या दाराशी ठेवायची. ती शोभेची. तिला खजूर लागणार नाही. विकणारा सांगत नाही, घेणारा विचारत नाही.

आता थंडी.

खजूर हे उन्हाचे झाड. पाय पाण्यात आणि डोके आगीत असावे, असे अरब लोक तिच्याबद्दल म्हणतात. पण वाळवंटातल्या रात्री थंड असतात हे आपण विसरतो. पारा सात-आठ अंशांच्या खाली गेला की खजुरीची वाढ थांबते, पण झाड मरत नाही, झोपते. मोठे झालेले, जमिनीत रुजलेले झाड कोरड्या हवेत शून्याखालची थोडी थंडीही सोसते. कोवळे रोप नाही सोसत. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत फुलंब्रीचा पारा कधी दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे चार-पाचवर आल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात. एवढ्याने कुंडीतल्या रोपाला काहीही होत नाही. रात्री भिंतीच्या आडोशाला घ्यावे, एवढेच. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी थंडीपेक्षा पाऊस मारतो. चार महिने सतत ओली माती आणि ढगाळ आभाळ हे खजुरीला डिसेंबरच्या रात्रीपेक्षा फार वाईट. तिथे कुंडी पागोळ्यांपासून दूर, छपराखाली पण उजेडात हवी.

खरी परीक्षा युरोपातल्या हिवाळ्याची. ती मी माझ्या पुतणीच्या कुंडीमुळे जवळून पाहिली. ती स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला असते. २०१९ च्या उन्हाळ्यात माझे थोरले बंधू, म्हणजे तिचे वडील, तिच्याकडे दोन महिने राहून आले. दादांना एकादशी कधी चुकली नाही, तिकडेही नाही. खिडकीत एक कुंडी होती, तिच्यातली तुळस आदल्या हिवाळ्यात गेलेली. दादा खजूर खात आणि बिया त्या कुंडीत खोचून ठेवत. कचऱ्यात टाकायच्या कशाला, हा शेतकऱ्याचा स्वभाव. ते परत आले आणि मागे एक बी उगवली. २०२१ मध्ये दादा गेले. त्यानंतर त्या कुंडीला पुतणीच्या घरात काय किंमत आली असेल, हे सांगायला नको.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. 'काका, झाड पिवळं पडतंय. रोज पाणी घालतेय तरी पडतंय.' मी म्हटले, 'रोज?' ती म्हणाली, 'खोली गरम असते ना, मला वाटलं तहान लागत असेल.'

सगळे कोडे तिथेच होते. एडिंबरोला डिसेंबरचा दिवस जेमतेम सात तासांचा, फुलंब्रीला त्याच दिवशी अकरा तासांच्या आसपास. त्या सात तासांतही सूर्य क्षितिजाला टेकून चालतो. उजेड नाही म्हणजे पान अन्न बनवत नाही, म्हणजे पाणी ओढत नाही. वरून पाणी येतच आहे, खाली ते साचते आहे, खिडकीच्या काचेलगत कुंडीचा तळ बर्फासारखा गार आहे, आणि वर हीटरची कोरडी गरम हवा पानांना भाजते आहे. डोके आगीत आणि पाय पाण्यात झाले खरे, पण अरबांना अभिप्रेत होते तसे नव्हे. मुळे गुदमरून कुजतात. मुळे कुजली की पान पिवळे पडते, टोके करपतात, आणि पाहणाऱ्याला वाटते झाड तहानेले आहे. मग तो आणखी पाणी घालतो. मायेपोटी मेलेली झाडे मी दुष्काळात मेलेल्या झाडांपेक्षा जास्त पाहिली आहेत, विशेषतः कुंड्यांमध्ये.

मी तिला सांगितले, कुंडीच्या तळाच्या भोकाशी नाक ने आणि वास घे. ती म्हणाली, नासक्या अंड्यासारखा येतोय. मग विचारले, अगदी मधला, न उमललेला, सुईसारखा कोंब आहे तो दोन बोटांत धरून अलगद ओढ. निघून आला तर मला सांग. फोनवर थोडा वेळ शांतता होती. 'नाही निघत, काका.' तेव्हा मला हायसे वाटले. कारण खजुरीला तो एकच जीव असतो. आंब्याची फांदी वाळली तर दुसरी फुटते. खजुरीचा, नारळाचा, शिंदीचा मधला कोंब कुजला की प्रश्न मिटला. तो सहज उपसून आला आणि बुडाशी तपकिरी, घाण वासाचा असला, तर रोप वाचण्याची आशा फार थोडी.

मग व्हिडिओवर शस्त्रक्रिया झाली. वर्तमानपत्र पसरून रोप मातीसकट बाहेर काढले. काळी, मऊ, साल निसटणारी मुळे कात्रीने कापून टाकली. पांढरी-पिवळसर, कडक मुळे राखली. ती निम्म्याहून कमी होती. जुनी माती सगळी काढली. नवी कुंडी घेतली ती मोठी नव्हे, आधीपेक्षा लहान. हे तिला पटेना. पण थोड्या मुळांना मोठ्या कुंडीतली ओल पिऊन संपत नाही, पुन्हा तेच होते. खडी-वाळूचे कोरडेसर मिश्रण भरले, रोप बसवले, आणि तीन आठवडे पाण्याचा थेंब नाही. जागा बदलली. हीटरच्या खोलीतून काढून जिन्याजवळच्या थंड, पण दक्षिणेच्या मोठ्या खिडकीच्या खोलीत. तिथे आठ-दहा अंश असायचे. तिचे म्हणणे, 'आजारी झाडाला थंडीत कसं ठेवू?' पण उजेड कमी तर ऊबही कमी, हा हिशेब आहे. अंधारात गरम ठेवलेले झाड जागे राहते आणि उपाशी मरते. थंडीत ठेवलेले झोपते आणि उन्हाची वाट पाहते.

पिवळी पाने ती कापू पाहत होती, मी कापू दिली नाहीत. जुन्या पानातले अन्न झाड हळूहळू परत ओढून घेते आणि नव्या पानाला देते. पूर्ण वाळले की मगच कापावे. मार्चमध्ये दिवस मोठा झाला तसे थोडे पाणी सुरू केले, तेही नळाचे गारढोण नव्हे, रात्रभर घरात ठेवलेले. मे महिन्याच्या मध्यावर त्या सुईच्या टोकाला नवा हिरवा रंग दिसला. मला फोटो आला, खाली काही लिहिलेले नव्हते.

तेव्हापासून तिचे वेळापत्रक ठरलेले आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी थंड उजेडाच्या खोलीत, पाणी दोन-तीन आठवड्यांतून एकदा, तेही बोटाची दोन पेरे मातीत घालून कोरडे लागले तरच. खत अजिबात नाही. पाणी घालताना मधल्या कोंबात साचू द्यायचे नाही. मार्चपासून पाणी वाढवायचे, एप्रिलपासून पंधरवड्याला पातळ खत. पालाश आणि मॅग्नेशियम असलेले खत हवे. जुन्या पानांवर नारिंगी ठिपके आले तर पालाशची कमतरता समजावी, कडा पिवळ्या आणि मध्य हिरवा राहिला तर मॅग्नेशियमची. मे अखेर, दहिवराची भीती गेली की कुंडी बाहेर.

बाहेर काढताना मात्र एकदम उन्हात नाही. सहा महिने काचेमागे वाढलेली पाने कोवळी असतात, पहिल्याच दिवशी ऊन लागले तर पांढरे चट्टे पडतात आणि ते जात नाहीत. पहिला आठवडा सावलीत, दुसरा सकाळच्या उन्हात, मग उघड्यावर. हे आपल्यालाही लागू आहे. पडवीत वाढवलेले रोप एप्रिलच्या दुपारी अंगणात आणून ठेवणारे आणि संध्याकाळी 'करपलं हो' म्हणणारे दरवर्षी भेटतात.

गरम खोलीत ठेवलेल्या रोपांवर कोळी पडतो. डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढा, पानामागे बारीक जाळे, पान धुरकट होते. ओल्या फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसत राहिले तर पुष्कळदा औषध लागत नाही. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात लपतात, तिथे कापसाच्या बोळ्याने निमतेल. आपल्याकडे जमिनीत लावलेल्या मोठ्या झाडाला गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा हे नारळाचेच शत्रू छळतात. कुंडीतल्या रोपाला त्यांची चिंता कमी. आणि पानांच्या टोकांपासून लहान मुलांचे डोळे सांभाळा. खजुरीच्या पानाच्या देठाला खरे काटे असतात आणि पानाचा शेंडाही सुईच असतो. कुंडी जमिनीवर ठेवली तर ती टोके नेमकी तीन वर्षांच्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

तिकडच्या मंडळींना एक विनंती. इथून रोपे सामानात लपवून नेऊ नका. ताड-माड जातीच्या रोपांतून सोंड्या भुंग्यासारखी कीड देशोदेशी गेली आहे, त्यामुळे नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत. गरजही नाही. युरोपीय संघाने डिसेंबर २०१९ पासून बाहेरच्या देशांतून येणाऱ्या जवळजवळ सगळ्या ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला सक्तीचा केला, त्यातून पाचच फळे वगळली. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. खजूर तर तिथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. बी तिथलीच लावा.

आता तो प्रश्न, जो सगळे शेवटी विचारतात. फळ येईल का?

कुंडीत, थंड देशात, नाही. स्पेनमध्ये एल्चे गावी सुमारे दोन लाख झाडांचे खजुरीचे बन आहे, २००० मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले. भूमध्य समुद्राकाठचे ऊन तिथपर्यंत पोचते. त्याच्या वर उत्तरेला झाड जगवता येते, फळ पिकवता येत नाही. आणि बीपासून केलेल्या झाडाची दुसरी अडचण मेथुसेलाहने सांगितलीच. निम्मी झाडे नर निघतात, ते मोहोर येईपर्यंत कळत नाही, आणि मोहोराला जमिनीतसुद्धा पाच-सात वर्षे लागतात. मादी निघाली तरी आईसारखे फळ येईल याची खात्री नाही. कच्छमधल्या जुन्या बागा बहुतेक बियांपासूनच वाढलेल्या आहेत, त्यामुळे तिथे झाडागणिक चव वेगळी. त्या कच्छी खारेकेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण ती पिढ्यान्पिढ्यांची निवड आहे, एका कुंडीचे काम नव्हे.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या भागात गेल्या काही वर्षांत शेतात खजूर लावण्याची हौस वाढली आहे. हौस वाईट नाही. बरहीसारखी जात पिवळी, करकरीत असतानाच गोड लागते, तुरट लागत नाही, म्हणून ताजी विकता येते. तिची ऊतीसंवर्धित रोपे मिळतात, एकेका रोपाला काही हजार रुपये पडतात. आणि नेमकी तिथेच फसवणूक होते. बीपासून केलेले दोन-तीन पानी रोप आणि प्रयोगशाळेतले रोप नवख्याला सारखेच दिसते. शंभर रोपे घेतली, सहा वर्षे पाणी पाजले, आणि पन्नास नर निघाले, म्हणजे शेतकरी कुठे जाईल? पावती, प्रयोगशाळेचे नाव, जातीचे प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय आपला पाऊस जूनमध्ये येतो, फळ तयार होते तेही त्याच सुमाराला. कच्छलाही हीच अडचण, म्हणून तिथे फळ झाडावर पूर्ण पिकू न देता आधीच उतरवतात. घडांना पिशव्या बांधाव्या लागतील, परागसिंचन हाताने करावे लागेल. हा वेगळा विषय आहे, पण एकरभर कर्ज काढण्याआधी तो नीट समजून घ्या. त्यासाठी मुंद्र्याचे खजूर संशोधन केंद्र पाहून या. प्रवासखर्च रोपांपेक्षा स्वस्त पडेल.

कुंडीतल्या खजुरीला फळ येत नाही, मग ती ठेवायची किती दिवस? चांगली काळजी घेतली तर फार दिवस. इटलीत पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ मध्ये लावलेला एक बुटका ताड काचघरात अजून उभा आहे. लंडनच्या क्यू उद्यानात १७७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणलेले एक सायकड कुंडीतच आहे. तो ताड नव्हे, पण दिसायला तसाच. आणि खुद्द एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात ताडांसाठी १८३४ आणि १८५८ मध्ये बांधलेली दोन काचघरे आहेत. तिथला सुमारे दोनशे वर्षांचा एक मोठा ताड २०२१ मध्ये, काचघराच्या दुरुस्तीसाठी तोडावा लागला. एवढे मोठे झाड हलवणे शक्य नव्हते. पुतणीने ती बातमी मला पाठवली आणि विचारले, 'काका, आपलंही एक दिवस छताला लागेल का?'

लागेल, पण त्याला तिच्या हयातीतली बरीच वर्षे जातील. कुंडी मोठी करत गेले नाही तर झाडही आवरून राहते. दर तीन-चार वर्षांनी वसंतात बाहेर काढायचे, बाहेरच्या बाजूची गुंडाळलेली मुळे तळाकडून थोडी छाटायची, माती बदलायची आणि त्याच कुंडीत पुन्हा बसवायचे. एका वेळी पाव हिश्शापेक्षा जास्त मुळे कापायची नाहीत, आणि तो बुडखा पूर्वीइतक्याच खोलीवर ठेवायचा, जास्त गाडायचा नाही. आता ते झाड तिच्या कमरेला लागते, पाने चांगली फाटलेली आहेत. बुडाशी एक पिल्लू फुटते आहे असे तिला वाटते. फोटोत मला नीट दिसत नाही. पिल्लू असेलच तर ते लगेच तोडू नकोस, आईला चिकटून स्वतःची मुळे धरू दे, दोन-तीन वर्षांनी वेगळे कर, असे सांगितले आहे. मार्चअखेरीस कुंडी बदलायची आहे. त्या दिवशी ती व्हिडिओ लावणार आहे, मुळे कशी आहेत ते पाहायला.